दीड आटा कमी

नाशिक नव टेकांवर वसलंय असं म्हणतात. जुनी गढी, डिंगरअळी, चित्रघंटा, म्हसरूळ टेक वगैरे. शाळेत ही नावं आम्ही पाठ केली होती, पण अमुक टेक नेमका कुठे सुरू होतो असं विचारलं की गुरुजी खिडकीबाहेर हात फिरवून ‘हे सगळं’ म्हणायचे. पुढे वाडे पडले, इमारती आल्या, रस्त्यांवर डांबराचे थर चढत गेले. आता जुन्या नाशकातला चढ-उतार कळतो तो गुडघे दुखणाऱ्यांना आणि पाण्याला. पाण्याला जरा जास्तच. सराफ बाजार, भांडी बाजार, दहीपुलाचा खोलगट भाग, इकडे ते न बोलावता धावत जातं. टेकावर चढायचं म्हटलं की त्याचा पाय निघत नाही.

हे गणित ज्यांच्या अंगात मुरलं होतं ते भाऊ गेल्या पावसाळ्यात गेले.

भाऊ पाणीपुरवठा खात्यात होते. आधी रोजंदारीवर मजूर, मग व्हॉल्व्हमन, मग फिटर, आणि निवृत्त झाले तेव्हा मुकादम. गावाच्या लेखी मात्र ते कायम ‘पाणी सोडणारे भाऊ’च राहिले. त्यांचं पूर्ण नाव इथे लिहीत नाही, कारण नावाच्या पाट्यांचं त्यांना वावडं होतं. ‘कोनशिलेवर ज्याचं नाव असतं त्याला व्हॉल्व्ह कुठे आहे ते माहीत नसतं. आणि ज्याला माहीत असतं त्याचं नाव कोनशिलेवर नसतं, तेच बरंय. नाहीतर लोक रात्री दोनला घरी येतील,’ असं ते म्हणत. लोक तसेही यायचेच.

ते मूळचे सिन्नर तालुक्यातले. कोरडवाहू जमीन, त्यात १९७२ चा दुष्काळ. सुकडी खाऊन दिवस काढलेल्या त्या पिढीतली बरीच पोरं तेव्हा नाशकात आली. भाऊ मामांकडे आले आणि नगरपालिकेच्या कामावर चर खणायला लागले. ज्याच्या गावात हंडाभर पाण्यासाठी कोसभर जावं लागत होतं, त्याच्या हातात पहिल्यांदा टिकाव आला तो पाण्याचा पाइप गाडायला. या गोष्टीचं मला फार वाटायचं. त्यांना काही वाटत नसे. ‘रोजचे पैसे रोज मिळत होते,’ एवढंच सांगायचे.

जुन्या गढीचा विषय निघाला की मात्र रंगात येत. तिथे १९५०-५१ मध्ये पुरातत्त्वज्ञ सांकलियांच्या देखरेखीखाली उत्खनन झालं, दोन हजार वर्षांपूर्वीची खापरं निघाली, हे मी कॉलेजात वाचून त्यांना मोठ्या उत्साहाने सांगायला गेलो होतो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘त्यांनी एकदा खणलं भो, मी रोज खणतो. मला अजून कोणी विचारायला आलं नाही काय निघालं ते.’

काय निघालं? बिडाचे पाइप निघाले, म्हणजे कास्ट आयर्नचे. एकाचं तोंड दुसऱ्याच्या कपात बसवायचं, फटीत ताग ठासायचा आणि वरून वितळलेलं शिसं ओतून सांधा बंद करायचा, ही जुनी पद्धत. हे काम मी एकदा गल्लीच्या तोंडाशी उभा राहून पाहिलंय. खड्ड्याच्या कडेला शेगडी, त्यावर लोखंडी पळा, पळ्यात शिसं. वरची काळी साय त्यांनी पत्र्याच्या तुकड्याने बाजूला केली तेव्हा खाली आरशासारखं लखलखीत दिसलं. पाइपाभोवती दोर गुंडाळून वर मातीचं आळं केलेलं. ओतायच्या आधी भाऊंनी सगळ्यांना मागे सारलं आणि स्वतःच्या धोतराच्या जुन्या फडक्याने सांधा पुन्हा पुन्हा पुसून कोरडा केला. थेंबभर ओल राहिली तरी शिसं उसळून अंगावर येतं. त्यांच्या उजव्या हातावर, मनगटापासून कोपरापर्यंत, पांढरे ठिपके होते. लहानपणी आम्हाला ते कोड वाटायचं.

शिसं एका दमात ओतायचं असतं, मध्ये थांबायचं नाही. ओतून झालं की गार होईपर्यंत ते बिडी ओढत, आणि मग छिन्नी-हातोडीने सांध्याभोवती एकेक ठोका देत सबंध फेरी मारत. ‘आवाज बदलला की बसलं समज,’ म्हणायचे. मला आवाज बदललेला कळला नाही, पण कळल्यासारखी मान हलवली.

आता पाणी वाटण्याबद्दल. नळाला पाणी येतं म्हणजे काय होतं, हे आपण कधी विचारात घेत नाही. न येण्याचा विचार मात्र गच्चीवर जाऊन मोठ्या आवाजात करतो. गंगापूर धरण १९६५ सालचं. मातीचं धरण. तिथलं पाणी बारा बंगल्यासारख्या जलशुद्धीकरण केंद्रात येतं, तुरटीने गाळ खाली बसतो, वाळूतून गाळलं जातं, क्लोरिन मिसळतं, मग जलकुंभात चढतं. इथवरचं काम साहेबांचं, पंपांचं, विजेचं. जलकुंभातून खाली उतरलं की पुढे सगळा कारभार चेंबरमधल्या व्हॉल्व्हचा, आणि व्हॉल्व्हच्या चावीचा.

ही चावी म्हणजे छातीएवढ्या उंचीची लोखंडी कांब. वर आडवा दांडा, खाली चौकोनी तोंड. भाऊ ती सायकलच्या दांडीला बांधून नेत. पहाटे पाचच्या सुमाराला चेंबरचं झाकण सरकवल्याचा खर्रकन आवाज आला की आमच्या वाड्यात हालचाल सुरू व्हायची. झाकण निघालं की आधी झुरळं बाहेर पडत. ती जाऊ द्यायची, मग चावी खाली सोडून व्हॉल्व्हच्या डोक्यावर बसवायची, आणि आटे मोजत फिरवायचं. खोलातल्या गल्लीला तीन आटे, मधल्या आळीला सहा, टेकावरच्या लाइनीला पूर्ण. खोलात जास्त उघडलं तर सगळं पाणी तिकडेच ओढलं जातं आणि वरच्यांच्या नळातून नुसती हवा. म्हणून जिथे पाणी आपण होऊन जातं तिथे हात आखडता घ्यायचा. एवढीच ती विद्या, आणि ती त्यांनी जन्मभर केली.

भस्सकन कधी उघडायचं नाही. आटा-दोन आटे फिरवून थांबायचं, लाइनीतली हवा जाऊ द्यायची. एकदम सोडलं किंवा एकदम तोडलं की पाण्याचा दणका बसतो आणि जुना बिडाचा पाइप कुठेतरी मैलभर लांब तडकतो. पाणी यायच्या आधी नळ फुसफुसतो ना, तेवढा वेळ भाऊ चेंबरपाशी उकिडवे बसलेले असत. मी अभ्यासाला उठलेलो असलो तर खिडकीतून विचारायचो, ‘भाऊ, आलं का?’ ते वर न बघता म्हणत, ‘निघालंय.’ जणू सिन्नरहून कोणी पाहुणा यायचा होता.

या कामात माणूस बिघडायला फार वाव होता. ज्याच्या हाताने दीड आटा इकडेतिकडे केला की एका गल्लीत सण आणि दुसरीत शिमगा, त्याला चहा पाजायला कोण तयार नसेल? लग्नघरं यायची, हॉटेलवाले यायचे, देवळांचे विश्वस्त यायचे. १९८२ च्या ७ नोव्हेंबरला नाशिक, सातपूर आणि नाशिकरोड-देवळाली एक होऊन, आसपासची खेडी त्यात धरून महानगरपालिका झाली. भाऊंच्या शब्दांत, ‘रातोरात गाव मोठं झालं, पाइप तेवढेच राहिले.’ पुढची दहा वर्षं प्रशासकाचा कारभार होता. १९९२ मध्ये पहिली निवडणूक झाली आणि नगरसेवक आले. मग फोन सुरू झाले. याबद्दल त्यांचं मत मला नेहमी विचारात पाडायचं. ते म्हणत, प्रशासक होता तेव्हा कोणी दबाव आणत नव्हतं हे खरं, पण टेकावरच्या बाईची ओरड ऐकायलाही कोणी नव्हतं. फोन आला म्हणून तरी माणूस खुर्चीतून उठतो. ‘फोन येऊ द्यावा. आटे आपणच मोजायचे.’

त्यांचं स्वतःचं घर टेकावर, लाइनीच्या शेवटच्या टोकाला. गावाला पाणी देणाऱ्याच्या घरी पाणी सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात कमी. काकूंनी यावरून आयुष्यभर तोंड चालवलं आणि माझं मत विचाराल तर त्यांचं बरोबर होतं. पहाटे साडेचारला उठून नवऱ्याला चहा करून द्यायचा, तो गावभर पाणी सोडून आठला परत येतो, आणि आपण तेव्हा करंगळीएवढ्या धारेखाली कळशी लावून बसलेलो. ‘अहो, एक आटा हो, एकच,’ असं त्या म्हणाल्याचं मी ऐकलंय. भाऊंचं उत्तर ठरलेलं. ‘घरचा वाढवला तर दुसऱ्याचा कमी कोणत्या तोंडाने करू?’ काकू म्हणायच्या, ‘त्याच तोंडाने. पाणी प्यायला लागतं ते.’ त्यांच्या त्या संसारात तत्त्व भाऊंचं होतं आणि कळशी काकूंच्या कमरेवर. त्यांच्या प्रामाणिकपणाच्या गोष्टी सांगताना ही कळशी लोक विसरतात.

मोटार लावून लाइनीतून पाणी ओढणाऱ्यांशी त्यांचं हाडवैर. पाणी सुटल्यावर ते गल्लीतून सावकाश चालत जायचे, हात मागे, मान थोडी कलती. मोटारीची घरघर भिंतीआडून ऐकू आली की कडी वाजवायची. ‘ताई, मोटार बंद करा, पुढे चार घरं आहेत.’ बहुतेक जण ओशाळून बंद करत. एका घराने केली नाही. घर वजनदार होतं, वाद घालून उपयोग नव्हता. भाऊंनी वाद घातलाही नाही. चौकात परत गेले, अख्ख्या गल्लीचा व्हॉल्व्ह बंद केला आणि चेंबरच्या झाकणावर बसून बिडी पेटवली. पाच-दहा मिनिटांत बायका बादल्या घेऊन बाहेर. काय झालं भाऊ? भाऊंनी काही सांगितलं नाही, नुसतं त्या घराकडे पाहिलं. पुढचं काम बायकांनी केलं. मोटार बंद झाली, झाकण उघडलं, पाणी सुटलं. आज असं केलं तर कोणीतरी व्हिडिओ काढील आणि दुपारपर्यंत भाऊ निलंबित होतील. आणि खरं सांगायचं तर एका घरासाठी गल्लीला कोंडीत पकडणं हे काही न्यायाचं नव्हतं. पण ती मोटार पुन्हा वाजली नाही.

रंगपंचमीच्या आठवड्यात मात्र हेच भाऊ जरा सैल व्हायचे. जुन्या नाशकातल्या पेशवेकालीन रहाडी बाहेरच्यांना सांगून कळत नाहीत. भर चौकात रस्त्याखाली दगडी हौद, वर्षभर मातीने झाकलेला, त्यावरून गाड्या जातात. रंगपंचमीला तो उकरून, धुऊन रंगाच्या पाण्याने भरायचा आणि त्यात धप्पा मारायचा. तिवंधा, शनिचौक, तांबट लेन, दिल्ली दरवाजा, प्रत्येकाची आपापली रहाड आणि आपापला रंग. पोरं आठ दिवस आधीच भाऊंच्या मागे लागत. ते सगळ्यांना नाही म्हणत आणि मग रात्री अकरानंतर, कोणाच्या वाट्याचं न काढता, थोडं थोडं करून सोय लावत. याची परतफेड म्हणून पोरं त्यांना कपड्यांसकट उचलून आत टाकायची. वर आल्यावर तोंडावरचा रंग पुसत ते काठावरच्या दगडावर हात ठेवून पाहायचे, झिरप कुठे आहे का ते.

रात्रीच्या गळतीशोधाला मी त्यांच्याबरोबर एकदा गेलो होतो. वाहनं थांबलेली हवीत म्हणून मध्यरात्रीनंतर निघायचं. हातात बोटभर जाडीची सळई. चेंबरमध्ये उतरून सळईचं एक टोक पाइपावर टेकवायचं आणि दुसरं कानाला. मला आधी काहीच ऐकू आलं नाही. मग आपल्याच रक्ताचा आवाज ऐकू आला. ‘श्वास रोख,’ भाऊ म्हणाले. रोखला, आणि लांबून एक बारीक, अखंड सूं ऐकू यायला लागली. ‘माणूस पाणी वापरतो तेव्हा आवाज तुटतो. नळ उघडतो, बंद करतो. हा तुटून राह्यला का? नाही ना? मग ही गळती.’ पुढच्या चेंबरपाशी तोच आवाज जाड झाला, त्याच्या पुढच्या ठिकाणी परत बारीक. मधल्या पट्ट्यात त्यांनी खडूने फुली मारली. दुसऱ्या दिवशी खणलं तेव्हा सांधा फुलीपासून हातभर बाजूला निघाला. हातभर चुकली म्हणून ते दिवसभर घुश्शात होते.

गंगेला पूर आला की नाशिककर दुतोंड्या मारुती पाहायला धावतात. नदी गोदावरीच, पण आम्ही गंगाच म्हणतो. मारुतीच्या गुडघ्याला पाणी, कमरेला पाणी, छातीला पाणी, अशी आमची मोजपट्टी. नारोशंकराच्या देवळाच्या घंटेला पाणी लागलं म्हणजे महापूर. लोक पुलावर उभे राहून पूर बघत असताना भाऊंची धावपळ काठालगतच्या चेंबरांवर चाललेली असे. त्यांनी मला कारण समजावून सांगितलं होतं. आपल्याकडे पाणी दिवसभर नसतं, ठरावीक वेळ सुटतं. बाकी वेळ पाइप रिकामा. रिकामा पाइप पुराखाली बुडाला आणि कुठे बारीक भोक असलं, तर तो बाहेरचं घाण पाणी आत ओढून घेतो. म्हणून पूर चढायच्या आधी काठाच्या लाइनी तोडायच्या, आणि उतरल्यावर धुऊन काढल्याशिवाय जोडायच्या नाहीत. धुतल्यानंतरही नळाचं पाणी नळीत घेऊन त्यात ओटीचे, म्हणजे क्लोरिन तपासायच्या औषधाचे, थेंब टाकायचे. पिवळं झालं तर क्लोरिन पोचलंय. ‘पिवळं झालं नाही तर बाईच्या पाया पडून सांगायचं, आज उकळल्याशिवाय पोराला देऊ नका.’

ते निवृत्त झाले ३१ मे २००८ ला. त्या पिढीतल्या अर्ध्या महाराष्ट्राप्रमाणे त्यांचाही वाढदिवस गुरुजींनी १ जूनला लावलेला होता. नारळ, शाल, हार, साहेबांचं भाषण. चावी त्यांनी स्टोअरमध्ये जमा करून पावती घेतली. आणि सप्टेंबरात मोठा पूर आला. भांडी बाजार, सराफ बाजार पाण्यात. भाऊ छत्री घेऊन हजर. कोणी बोलावलं नव्हतं, पण कोणी का आलात असंही विचारलं नाही. पूर ओसरल्यावर रस्त्यावर घोट्याच्या वर चिखल, चेंबर कुठे आहेत त्याचा पत्ता नाही. भाऊ एका दुकानाच्या पायरीला पाठ लावून उभे राहिले, पावलं मोजत पुढे गेले, थबकले, उजवीकडे वळून आणखी पावलं टाकली आणि छत्रीचं टोक चिखलात रोवलं. खालून ठण् असा आवाज आला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

पण आज विचार करता त्या टाळ्यांत एक खटकणारी गोष्ट आहे. गावातले चेंबर कुठे आहेत हे एका निवृत्त माणसाच्या पावलांत का असावं? नकाशे होते, पण जुने. त्यातले रस्ते बदललेले, लाइनी सरकवलेल्या. खरा नकाशा भाऊंच्या डोक्यात होता, आणि तो त्यांनी वर्षानुवर्षं कागदावर उतरू दिला नाही हेही खरं. कोणी वही घेऊन आलं की ‘लिहून काय होतं, फिरलं पाहिजे’ म्हणून उडवून लावत. नोकरीत असताना त्यांना एकदा टायफॉइड झाला होता. त्या काळात अख्ख्या जुन्या नाशकाच्या पाण्याचं गणित विस्कटलं, लोक त्यांच्या घरी औषधं नि शहाळी घेऊन येत, आणि भाऊ अंथरुणात पडल्या पडल्या सूचना देत. त्यांच्या चेहऱ्यावर तापातही समाधान होतं. माझ्याशिवाय चालत नाही, याचं समाधान. गावावर जीव होता, तसा गावाने आपल्यावर अवलंबून राहावं हा लोभही होता. भाऊंच्या बाबतीत हे दोन मला कधी वेगळे काढता आले नाहीत.

सुदैवाने एक चिवट तरुण अभियंता त्यांच्या मागे लागला. निवृत्तीनंतर तो रविवारी येऊन बसायचा, काकूंचे पोहे खायचा आणि भाऊंना जुन्या कालनिर्णयच्या कोऱ्या बाजूवर रेघा मारायला लावायचा. भाऊंना अक्षर बेताचं, पण रेघ सरळ. हळूहळू कॅलेंडरांची चळत झाली. पुढे त्यातलं बरंचसं संगणकावर चढलं असं ऐकतो. यंत्रांचा त्यांना तिटकारा असेल असं मला उगाच वाटायचं. प्रवाह मोजणारं मीटर त्यांनी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा लहान मुलासारखे खूश झाले. ‘आपण म्हणायचो बरंच पाणी गेलं. हा आकड्यात सांगतो किती गेलं. आता कोणी भांडायचं नाही.’ लोक आकड्यावरूनही भांडतात हे त्यांना पुढे कळलं.

कळलं ते २०१५ मध्ये. त्या वर्षी पाऊस कमी, मराठवाड्यात हाल, आणि ऐन सिंहस्थाच्या वर्षात गंगापूर, दारणा धरणांतून खाली पैठणच्या जायकवाडी धरणाला पाणी सोडायचा आदेश निघाला. समन्यायी वाटपाचा कायदा २००५ चा. जायकवाडीत १५ ऑक्टोबरला ६५ टक्क्यांपेक्षा कमी साठा असेल तर वरच्या धरणांनी पाणी द्यायचं, असं सूत्र २०१३ च्या मेंढेगिरी समितीच्या अहवालातलं. नाशिक पेटलं. मोर्चे निघाले, आमच्या ओट्यावरही रोज संध्याकाळी सभा. आमचं धरण, आमचं पाणी, आम्ही का द्यायचं? गंगापूरमध्ये गाळ साचून ७,२०० दशलक्ष घनफुटांची क्षमता ५,६३० वर आलेली, त्यात हे. सगळे एका सुरात बोलत होते आणि सगळ्यांना वाटत होतं की पाण्याचा माणूस म्हणून भाऊ आपल्याच बाजूने बोलणार.

भाऊ बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, ‘पैठण म्हणजे शेवटचं टोक. आपण खोलातली गल्ली. आपल्याकडे पाणी आपण होऊन येतं.’ कोणाला आवडलं नाही. एकाने विचारलं, उद्या आपल्या पोरांना पाणी नसलं तर? भाऊ म्हणाले, ‘कमी येईल. माझ्या घरी कमीच येत होतं.’ आतून काकूंचा आवाज आला, ‘हो, आणि ते भरत कोण होतं?’ त्यावर सगळे हसले आणि सभा मोडली. मात्र दुसऱ्या दिवशी त्यांनी मला बाजूला घेऊन आणखी एक सांगितलं. सोडायला हरकत नाही, पण कोरड्या पात्रातून सोडलेल्या पाण्यातलं किती तरी वाटेतली वाळू पिते. सोडायचंच तर पावसाळ्यात, नदी वाहती असताना सोडावं, म्हणजे खाली जास्त पोचतं. ओट्यावर हे का नाही सांगितलं, असं मी विचारलं. म्हणाले, ‘तिथे सांगितलं असतं तर ते म्हणाले असते, बघा, भाऊ पण म्हणतात सोडू नका.’

पुढच्या उन्हाळ्यात कपात झाली तेव्हा ओट्यावरच्यांनी त्यांना बरेच टोमणे मारले. भाऊंनी ते ऐकून घेतले आणि पाणी आलं की खाली उतरून, हात मागे बांधून, गल्लीतून एक चक्कर मारायचं चालू ठेवलं. मोटारी ऐकायला. आता त्यांना कोणताही अधिकार नव्हता. कडी वाजवली की लोक बंद करायचे तरीही.

शेवटची दोन वर्षं जिना उतरणं झालं नाही. पुढच्या सिंहस्थाची कामं सुरू झाली, तपोवनाकडे नव्या लाइनींचं बोलणं निघालं, तेव्हा खाटेवरून विचारायचे, पाइप कोणता, किती इंची, चढ कुठे. पूर्वीच्या तीन सिंहस्थांत त्यांनी साधुग्रामात नळ जोडले होते आणि त्यांच्या मते साधूंपेक्षा त्यांच्या भक्तांना पाणी जास्त लागतं. जुलैत ताप आला, दवाखान्यात नेलं, चार दिवसांत आटोपलं.

दशक्रियेला रामकुंडावर बरीच मंडळी होती. खात्यातले जुने लोक, रहाडीवाली पोरं, जी आता पन्नाशीला आली आहेत, आणि तो वजनदार घराचा मुलगासुद्धा. कावळा शिवायला वेळ लागत होता. काकूंच्या मनात काय होतं कोण जाणे, पण त्या पुटपुटल्या, ‘चेंबर बघत बसले असतील कुठे.’ एवढ्यात भांडी बाजारातल्या एका काकांनी आमच्या भागातल्या आताच्या व्हॉल्व्हमनला गाठलं. तिशीचा पोरगा, ठेकेदाराकडून आलेला, पँट दुमडून पाण्याच्या कडेला उभा होता. काका म्हणाले, ‘बाबा, सुतकात बोलू नये, पण आमच्याकडे प्रेशर कमी का असतं रे?’

पोरगा म्हणाला, ‘तुमचा दीड आटा कमी असतो.’

‘का?’

‘मला आधीच्याने सांगितलं. त्याला भाऊंनी सांगितलं होतं. हा दीड आटा कमीच ठेवायचा.’

‘अरे, त्याला किती वर्षं झाली! मध्ये नवी टाकी झाली, नवी लाइन पडली.’

पोरगा विचारात पडला. बरोबर होतं काकांचं. ‘मग मोजून बघावं लागेल,’ तो म्हणाला. ‘सोमवारी पहाटे येतो. आधी वरच्यांचं बघतो, मग तुमचं. तुम्ही एक करा काका, त्या दिवशी मोटार लावू नका.’